नावांमधले ‘आणि’

सर चंद्रशेखर वेंकट रामन हे १९३३ साली कलकत्त्याहून बंगळूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था स्थापन केली. संस्थेचे ‘प्रोसीडिंग्ज’ हे नियतकालिकही १९३४ सालीच निघू लागले. त्याच्या दुसऱ्या खंडात, १९३५ साली, ४०६ व्या पानावर एका लेखमालेचा पहिला भाग छापलेला आहे. विषय आहे उच्च कंपनसंख्येच्या ध्वनिलहरींमुळे होणारे प्रकाशाचे विवर्तन. शीर्षकाखाली दोन नावे आहेत: सर सी. व्ही. रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ.

या ओळीतील ‘आणि’ हा शब्द कोणाचा? तो रामन यांच्या नावाचा भाग नव्हे, नाथ यांच्या तर नव्हेच. दोन नावे एका ओळीत शेजारी आली म्हणून तो जन्माला आला. लेखक एकटा असता तर त्याची गरज नव्हती आणि तिघे असते तर तो जागा बदलून शेवटच्या नावापूर्वी जाऊन बसला असता. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात हा निर्णय कंपोझिटरचा हात घेत असे. चुकला तर मुद्रितशोधक समासात खूण करी. आज पाने जुळवण्याचे काम संगणक करतो. जगभरच्या प्रकाशनसंस्थांसाठी असे काम करून देणारी कार्यालये बंगळूर शहरात अनेक वर्षांपासून आहेत. यंत्राला मात्र सवयीचा हात नसतो. दोन नावांच्या मध्ये काय घालायचे, कधी घालायचे आणि कधी घालायचे नाही, हे सर्व त्याला आधी सांगून ठेवावे लागते. हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

प्रथम मूळ नोंद कशी असते ते पाहू. आजकाल शास्त्रीय लेख संगणकात साठवताना ‘एक्सएमएल’ या खुणांच्या भाषेत साठवतात. तिचे पहिले प्रमाण १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाले. तिची रीत साधी आहे. मजकुराच्या प्रत्येक भागाला उघडणारी व मिटणारी अशी खुणांची जोडी लावायची आणि त्या खुणेत भागाचे नाव सांगायचे: हे आडनाव, ही आद्याक्षरे, हे वर्ष, हा खंड, हे पान. खुणांच्या जोडीत बंदिस्त झालेल्या अशा भागाला घटक म्हणतात. रामन-नाथ यांच्या लेखाचा हवाला या रीतीने नोंदवला, तर ‘रामन’ एका घटकात राहील, ‘नागेंद्र नाथ’ दुसऱ्या घटकात, १९३५ तिसऱ्यात, आणि या घटकांच्या मध्ये काहीही नसेल. स्वल्पविराम नसेल, ‘आणि’ नसेल, कंसही नसेल.

हे मुद्दाम केलेले असते, आणि ते शहाणपणाचे आहे. एकाच हवाल्याला अनेक ठिकाणी जावे लागते. एक नियतकालिक आडनाव आधी छापते, दुसरे आद्याक्षरे आधी. कोणाला वर्ष कंसात हवे असते, कोणाला शेवटी. विरामचिन्हे नोंदीतच गोठवली, तर प्रत्येक ठिकाणी जाताना ती आधी खरवडून काढावी लागतील. शास्त्रीय नियतकालिकांसाठी ‘जॅट्स’ नावाचा खुणांचा संच २०१२ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून मान्य झाला. त्यात हवाला लिहिण्याच्या दोन रीती ठेवलेल्या आहेत. एका रीतीत घटकांच्या जोडीने विरामचिन्हेही जशीच्या तशी राहतात. दुसरीत केवळ घटक राहतात, आणि त्यांच्यामधील सर्व सांधे छपाईच्या वेळी नव्याने जुळवायचे असतात. पहिली रीत जुन्या छापील हवाल्यांना इमानाने उतरवण्यासाठी बरी. एकच हवाला दहा ठिकाणी दहा रूपांत न्यायचा असेल, तर दुसरीला पर्याय नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ही दुसरी रीत परकी वाटू नये. व्याकरणाच्या तासाला द्वंद्व समास शिकवतात, तो हाच प्रकार होय. ‘आईबाप’ या शब्दात दोन घटक आहेत आणि त्यांना जोडणारा शब्द गळलेला आहे. विग्रह करताना विद्यार्थी तो परत घालतो: आई आणि बाप. परंतु प्रत्येक वेळी ‘आणि’ घालून चालत नाही. ‘खरेखोटे’ म्हणजे खरे किंवा खोटे. ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ, भाकर वगैरे. शेजारी ठेवलेल्या घटकांत कोणते नाते आहे हे ओळखल्यावाचून मध्ये कोणता शब्द घालायचा हे ठरत नाही. म्हणूनच व्याकरणकारांनी द्वंद्वाचे इतरेतर, वैकल्पिक आणि समाहार असे तीन भेद केले. खुणांनी बांधलेली नोंद हा एक लांबलचक समासच असतो, आणि त्याचा विग्रह करण्याचे काम यंत्राकडे असते.

यंत्र हा विग्रह ज्या नियमांच्या आधारे करते, त्यांच्या पत्रकाला स्टाइलशीट म्हणतात. ते लिहिण्यासाठी ‘एक्सएसएलटी’ नावाची भाषा आहे. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. स्टाइलशीटमध्ये साचे असतात. ‘लेखकाचे नाव भेटले की असे कर, वर्ष भेटले की तसे कर’ असे प्रत्येक साचा सांगतो. यंत्र नोंद वाचत जाते आणि ज्या घटकाला जो साचा लागू असेल तो वापरून नवा मजकूर तयार करते.

येथे नवशिक्याची पहिली फसगत होते, आणि ती साधी नाही. ‘या घटकाचे मूल्य छाप’ असे सांगणारी ‘व्हॅल्यू-ऑफ’ नावाची एक आज्ञा आहे. नवशिका तिला सांगतो, ‘सर्व लेखकांची नावे छाप.’ पहिल्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे ही आज्ञा, कितीही नावे दिली तरी, त्यांतले नोंदीत पहिले येणारे तेवढेच छापते. बाकीची गळतात, आणि गळताना यंत्र चकार शब्द काढत नाही. रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाची वार्ता ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या ३१ मार्च १९२८ च्या अंकात आली, तेव्हा त्या पत्राखाली सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन अशी दोन नावे होती. त्या पत्राचा हवाला या आज्ञेच्या हाती दिला, तर छापून येईल फक्त ‘रामन’. १९३० सालचे नोबेल पारितोषिक रामन यांना एकट्यांना मिळाले. त्या निवाड्याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पत्राखालचे दुसरे नाव कोणत्याही समितीने विचार केल्यावाचून, केवळ एका आज्ञेचा अर्थ नीट न कळल्यामुळे नाहीसे व्हावे, हे कोणीही मान्य करणार नाही.

या भाषेची दुसरी आवृत्ती मायकेल के यांच्या संपादनाखाली २३ जानेवारी २००७ रोजी आली. तिने हा नियम बदलला. आता तीच आज्ञा सर्व नावे छापते आणि त्यांच्यामध्ये एकेक मोकळी जागा सोडते. शिवाय मध्ये काय घालायचे तेही आज्ञेतच सांगता येते. ‘विभाजक: स्वल्पविराम आणि मोकळी जागा’ एवढे लिहिले की काम झाले, यंत्र तो विभाजक केवळ दोन नावांच्या मध्ये घालते, पहिल्याच्या आधी किंवा शेवटच्या नंतर घालत नाही. ही सोय फार मोलाची आहे. मात्र आवृत्ती बदलताना तिचीच खबरदारी घ्यावी लागते. स्टाइलशीटच्या माथ्यावरचा ‘१.०’ हा आकडा खोडून कोणी ‘२.०’ असा लिहिला, तर काल जेथे एक नाव छापले जात होते तेथे आज तीन छापली जातील. आकडा न बदलता नुसते नवे यंत्र आणले, तर ते यंत्र जुन्या पत्रकाचा मान राखून जुन्याच रीतीने वागते.

एकच विभाजक सर्वत्र घालायचा असेल, तर गोष्ट येथेच संपते. पण नावांच्या यादीत तसे नसते. एक नाव असेल तर मध्ये काही नको. दोन असतील तर ‘आणि’. तीन असतील तर पहिल्या दोहोंत स्वल्पविराम आणि शेवटच्यापूर्वी ‘आणि’. म्हणजे मध्ये येणारा मजकूर नावावर अवलंबून नाही, नावाच्या जागेवर अवलंबून आहे. त्यासाठी स्टाइलशीटच्या भाषेत दोन प्रश्न विचारण्याची सोय आहे. रांगेत या नावाचा अनुक्रमांक कितवा, हा एक. आणि रांगेत एकूण किती जण, हा दुसरा. अनुक्रमांक पहिला असेल तर मध्ये काही घालू नये. अनुक्रमांक पहिला नसून एकूण संख्येइतका असेल, तर नावापूर्वी ‘आणि’ घालावे. बाकी सर्व ठिकाणी नावापूर्वी स्वल्पविराम घालावा. या तीन ओळींत सर्व प्रकरणे बसतात.

‘नावापूर्वी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पुष्कळ जण उलट रीतीने लिहितात: प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम, शेवटचे सोडून. दोन्हींचा परिणाम दिसायला सारखाच. पण पहिली रीत अधिक भरवशाची. आपण पहिले आहोत हे पहिल्याला मागे पाहून लगेच कळते. आपण शेवटचे आहोत हे कळण्यासाठी मात्र पुढची सर्व रांग आधी मोजलेली असावी लागते. नोंद फार मोठी असेल आणि ती सबंध स्मरणात न घेता वाहत्या पाण्यासारखी वाचायची असेल, तर पुढचे मोजणे शक्यच होत नाही. ८ जून २०१७ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने असे वाहते वाचन शक्य केले, तेव्हा ‘एकूण किती’ हा प्रश्न त्यात विचारता येणार नाही असेही स्पष्ट केले. ‘आणि’ हा शब्द असा महाग आहे. त्याला शेवट ठाऊक असावा लागतो.

इतके सर्व नीट लिहूनही एक चमत्कार दिसतो, आणि अनुभवी माणसेही त्यापुढे काही काळ थबकतात. तीन नावांची यादी छापावी, तर पहिल्याच नावापूर्वी एक अनाथ स्वल्पविराम उभा! शेवटच्या नावापूर्वी ‘आणि’ यायला हवे, तर तेथेही स्वल्पविरामच. नियम तपासावा तर तो अचूक असतो. दोष असतो तो न दिसणाऱ्या वस्तूंत. नोंद लिहिणाऱ्याने वाचायला सोपे जावे म्हणून प्रत्येक नाव नव्या ओळीवर, थोडी जागा सोडून लिहिलेले असते. माणसाच्या लेखी ती मोकळी जागा म्हणजे काहीच नव्हे. यंत्राच्या लेखी तो मजकूर आहे. ‘आतील सर्व काही घे’ असे यंत्राला सांगितले, की रांगेत तीन जण नव्हे, सात जण उभे राहतात: जागा, नाव, जागा, नाव, जागा, नाव, जागा. पहिल्या नावाचा अनुक्रमांक दुसरा होतो, म्हणून ते स्वतःला पहिले समजत नाही. शेवटच्या नावाचा अनुक्रमांक सहावा येतो आणि एकूण संख्या सात, म्हणून ते स्वतःला शेवटचे समजत नाही. शेवटचा मान मिळतो तो एका रिकाम्या ओळीला.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे रांगेत केवळ नावांनाच बोलवावे. ‘सर्व काही’ म्हणू नये. दुसरा म्हणजे अमुक घटकांतील निव्वळ मोकळी जागा वाचण्यापूर्वीच काढून टाक, असे स्टाइलशीटच्या आरंभी सांगावे. दुसरा उपाय जपून वापरावा लागतो. यादीतली मोकळी जागा निरर्थक असते, परंतु वाहत्या गद्यातली नसते. वाक्यात दोन तिरपे शब्द शेजारी असतील आणि त्यांच्यामध्ये नुसती एक मोकळी जागा असेल, तर सरसकट झाडू फिरवल्यावर ते दोन शब्द एकमेकांना चिकटतात. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. वाचणारा जाणता असे, तो मनाने शब्द तोडी. आजच्या छापील पानाच्या वाचकावर तो भार टाकण्यात अर्थ नाही.

मोकळ्या जागेची गंमत एवढ्यावर थांबत नाही. नोंदीतली मोकळी जागा यंत्र आपण होऊन राखते. स्टाइलशीटमध्ये लिहिलेली निव्वळ मोकळी जागा मात्र आपण होऊन टाकून देते. त्यामुळे आद्याक्षरे आणि आडनाव यांच्यामध्ये जागा सोडावी म्हणून साच्यात नुसती जागा सोडली, तर छापून येते ‘सी. व्ही.रामन’. जागा खरोखर हवी असेल, तर तिला ‘टेक्स्ट’ नावाच्या घटकाचे कुंपण घालावे लागते. कुंपणात ठेवलेली जागा शाबूत राहते. स्वल्पविरामालाही हेच कुंपण असलेले बरे, नाहीतर त्याच्या आजूबाजूच्या ओळमोडी त्याच्याबरोबर पानावर येतात.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजी नियतकालिकांतील काही जण शेवटच्या ‘अँड’पूर्वीही स्वल्पविराम देतात, काही देत नाहीत, दोन्ही पक्षांत निष्ठावंत आहेत. मराठीत ‘आणि’पूर्वी अशा यादीत स्वल्पविराम देत नाहीत. बंगळूरच्या रस्त्यावर ऐकू येणाऱ्या कन्नडमध्ये ‘मत्तु’ हा शब्द आपल्या ‘आणि’प्रमाणे मध्ये बसतो. पण कन्नडमध्ये दुसरीही रीत आहे: ‘रामनू लक्ष्मणनू’. येथे जोडणारा प्रत्यय मध्ये नाहीच. तो प्रत्येक नावाच्या अंगाला लागलेला आहे. संस्कृतात ‘रामः लक्ष्मणः च’ म्हटले, तर जोडणारा शब्द दोहोंच्या मागे जातो. ‘रामलक्ष्मणौ’ म्हटले तर तो नाहीसा होऊन शेवटच्या नावाचे रूप बदलते. म्हणजे ‘घटकांच्या मध्ये मजकूर घालणे’ हा प्रश्नाचा एक आकार झाला, तो सर्व भाषांचा आकार नव्हे. म्हणून जाणते लोक ‘आणि’ हा शब्द साच्याच्या पोटात लिहून ठेवत नाहीत. भाषेप्रमाणे बदलणारे शब्द एका वेगळ्या कोष्टकात ठेवतात आणि साच्याला फक्त ‘येथे जोड हवी’ एवढेच ठाऊक असते. नोंदीत तो शब्द लिहिणे तर सर्वांत वाईट.

विभाजकाची निवड चुकली, तर माणसांची संख्यादेखील बदलू शकते. आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर अशी रीत असेल, तर नावाच्या आतच एक स्वल्पविराम येतो: ‘रामन, सी. व्ही.’ मग दोन नावांच्या मध्येही स्वल्पविरामच घातला, तर ‘रामन, सी. व्ही., नागेंद्र नाथ, एन. एस.’ अशी ओळ तयार होते. जाणकार ती बरोबर वाचेल. नवखा वाचक, आणि विशेषतः दुसरे यंत्र, तिच्यात चार जण शोधील. अशा वेळी आतला सांधा आणि बाहेरचा सांधा वेगळा हवा. बाहेर अर्धविराम दिला की संशय फिटतो.

दक्षिणेतील नावांच्या बाबतीत तर हा संशय आधीपासूनच असतो. रामन यांचे स्वतःचे नाव वेंकटरामन. चंद्रशेखर हे वडिलांचे नाव. वेंकटरामन या एका शब्दाचे दोन तुकडे झाले आणि दुसरा तुकडा आडनाव म्हणून जगभर गेला. नागेंद्र नाथ यांचे नाव सूच्यांत कधी ‘नागेंद्र नाथ, एन. एस.’ असे येते, तर कधी ‘नाथ, एन. एस. एन.’ असे. मूळ नोंद करणाऱ्याने घटकाची सीमा कोठे आखली, यावर ते अवलंबून असते. ही चूक स्टाइलशीट दुरुस्त करू शकत नाही. सांधा उत्तम असला, तरी तो चुकीच्या ठिकाणी तोडलेल्या तुकड्यांनाच सांधणार.

या दोघांच्या सिद्धांताला ‘रामन-नाथ’ असे म्हणतात. येथील आडवी रेघ म्हणजे ‘आणि’च होय, दोन माणसे ती जोडते. उलट इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लेनार्ड-जोन्स हे एकच गृहस्थ. जोन्स हे त्यांचे मूळ आडनाव. १९२५ साली विवाहाच्या वेळी त्यांनी पत्नीचे आडनाव आपल्या आडनावाला जोडले. चांगले छापखाने दोन माणसांमध्ये थोडी लांब रेघ घालतात आणि एकाच आडनावात आखूड. स्टाइलशीटकडून ही रेघ घालून घ्यायची, तर लांब रेघ दोन घटकांच्या मध्ये यंत्राने घालावी आणि आखूड रेघ घटकाच्या आत, नावाचा भाग म्हणून, आधीपासूनच असावी. डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या या दोन रेघांपैकी एक कोणाच्या तरी नावाची आहे आणि दुसरी कोणाचीच नाही.

खंड, अंक आणि पान यांच्यामधील सांधे नावांच्या मानाने सोपे असतात, पण त्यांतही एक खोड आहे. जुन्या हवाल्यांत कित्येकदा अंकाचा क्रमांक नसतो. ‘खंड, मग कंसात अंक, मग अपूर्णविराम, मग पान’ असे आंधळेपणाने लिहिलेले असेल, तर रिकामा कंस छापून येतो. कंस हा अंकाच्या घटकाचा सोबती. घटक हजर असेल तरच सोबत्याला बोलवावे.

शेवटी समाहार द्वंद्वाकडे, म्हणजे ‘वगैरे’कडे वळू. लेखक पुष्कळ असले की नियतकालिके सर्वांची नावे छापत नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांत रूढ असलेल्या एका पद्धतीत पहिली सहा नावे देऊन पुढे ‘व इतर’ असे लिहितात. लेखक सात असतील, तर हे ‘इतर’ म्हणजे एकटा सातवा; त्याचे नाव लिहायला बहुधा तेवढीच जागा लागली असती, पण नियम तो नियम. अमेरिकन मानसशास्त्र संघाच्या सातव्या आवृत्तीतील पद्धत वेगळी आहे. वीस लेखकांपर्यंत सर्व नावे द्यायची. एकवीस किंवा अधिक असतील तर पहिली एकोणीस द्यायची, मग तीन टिंबे, आणि मग थेट शेवटचे नाव, तेही मध्ये ‘आणि’ न घालता. साच्यात हे लिहिताना विसाव्या नावापासून शेवटून दुसऱ्या नावापर्यंत सर्वांना ‘गप्प राहा’ असे सांगावे लागते, आणि तीन टिंबे कोणाच्या दारात ठेवायची ते ठरवावे लागते. ती शेवटच्या नावापूर्वी ठेवलेली बरी. गप्प बसवलेल्यांची नावे पानावर उमटत नाहीत. मूळ नोंदीत मात्र प्रत्येक नाव आपापल्या घटकात, आपापल्या क्रमाने असते, आणि दुसरे स्टाइलशीट मागेल तेव्हा ती सगळी छापता येतात.